मूळचे कुठले

एकतीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणीला होतो.
आधी साखळी, मग फळी, शेवटी तीन पायांचं यंत्र.
कुणाची हद्द कुठे संपते
एवढंच लोक मला विचारायचे.
मी घर शोधत होतो तेव्हा मात्र
सदाशिव पेठेतल्या एका दारात विचारलं गेलं,
"मूळचे कुठले?"
उदगीरचा, म्हणालो.
"असं का."
दार होतं तेवढंच उघडं राहिलं.

निवृत्तीनंतर साखर वाढली,
डॉक्टरांनी टेकडी लिहून दिली.
तिथे मथुरा ढमढेरे दिसल्या,
कातळाला नाक लावून बसलेल्या.
मला वाटलं, चक्कर आली असावी.
पाणी देऊ का?
"पाणी नको. सावली पडतेय तुमची. सरका."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या परिचर होत्या.
साहेब लोक नावं ठेवायचे,
या बाटल्या धुवायच्या.
धुता धुता नावं कळत गेली.

गळ्यातलं भिंग काढून त्यांनी मला दिलं,
गाठ मारलेल्या लाल दोऱ्यासकट.
हे दगडफूल ना, मसाल्यातलं?
"ते सुटून येतं हो हातात.
हा पापुद्रा आहे. नखानं नाही निघायचा.
दगड घेतलात तरच हा मिळेल."

मी डोळा लावला
आणि ऑफिसात जाऊन बसलो.
राखाडी तुकडे, भेगाळलेले,
दोन तुकड्यांच्या मध्ये काळी बारीक रेघ.
एकाचं संपतं, दुसऱ्याचं सुरू होतं,
बांध कोरला म्हणून कुठे तक्रार नाही
(असेल. मला ती ऐकू येत नसेल).
किती जुनं?
"वर्षाला अर्धा मिलिमीटर धरा. तोही पाऊस बरा झाला तर."
मी खिशातली पट्टी काढली. सवय.
बावीस मिलिमीटर.
मी पुण्यात आलो त्याच्याही आधीचं.

त्या दिवसापासून शनिवार त्यांचे.
काळ्या कातळावर राखी.
कठड्याच्या चुन्यावर नारिंगी, पोटॅशचा थेंब टाकला
की वांगी रंगाचं होणारं.
रस्त्याकडच्या बाजूला काहीच नाही,
नुसतं खोड, हात लावला तर काजळी.
"नाव मागाहून," त्या म्हणायच्या,
"आधी विचारायचं, कशावर?
मूळ नसतंच याला.
ज्याला मूळ नाही त्याला मूळचे कुठले
काय म्हणून विचारायचं?"
त्या हे दगडाबद्दल बोलत होत्या.
मी उगाच चष्मा पुसला.

उतारावरच्या गल्लीत एक करंज आहे.
त्याच्या गुळगुळीत सालीवर पांढुरका डाग
आणि डागावर लिहिलेलं काहीतरी.
काळं, वळणदार, बोरूचं,
शिरोरेघ आखायची राहून गेलेली मोडी.
जुन्या सनदा मी वाचल्यात. वाचायला गेलो.
एक "र" लागला, एक "क" लागल्यासारखा वाटला,
पुढचं लागेना.
"अक्षरं नाहीत ती," बाई म्हणाल्या,
"त्या फटी. बीजं तिथून बाहेर पडतात."
थेंब टाकला. पिवळा झाला,
आणि आम्ही दोघं घड्याळाकडे न बघता थांबलो
तो लाल होईपर्यंत.

मार्चमध्ये झाडांवर आकडे आले.
रुंदीकरण. करंजाला एकशे चौदा,
तैलरंगात, बरोबर त्या लिखाणावरून.
आखणीची खुंटी मी ओळखली.
अशा खुंट्या मीही ठोकल्या आहेत,
वर काय आहे ते न बघता.

बाई काही बोलल्या नाहीत.
छिन्नी काढली, एकचा आकडा संपतो त्याच्या खालून
साल उचलली, तीन बोटं रुंद,
वर्तमानपत्राच्या पुडीत ठेवली.
चिठ्ठी मला लिहायला दिली, माझं अक्षर बरं म्हणून.
नाव: रिकामं.
कशावर: करंज, जिवंत.
उतार: पूर्वेचा. ऊन: सकाळचं.
कोणी गोळा केलं, तिथे त्यांनी बोट ठेवलं
आणि माझं नाव घालायला लावलं.
"राहणार?"
कोथरूड, म्हणालो.
"मग लिहा की."
पुढचा रकाना नव्हताच.
चिठ्ठी दुमडली, पुडीला दोरा बांधला,
आणि बसथांब्यापर्यंत ती पुडी मी
दोन्ही हातांत धरून आणली.